दहाला गाणं बंद, म्हणून चारला घर सोडा: गोव्यातल्या उन्हाळी मैफलींची तयारी

मुंबईच्या मावसबहिणीला एप्रिलात फोन केला की ये गं, दोन-तीन चांगले कार्यक्रम आहेत, सगळे उघड्यावर, तर म्हणाली अगं गोव्याचा सीझन तर संपला की. तिचंही खोटं नाही. मोठ्या नावाचं सगळं थंडीतच होतं, पणजीतला सेरेंडिपिटी कला महोत्सव डिसेंबरात, जुन्या गोव्याच्या टेकडीवरचा मोन्ते संगीत महोत्सव फेब्रुवारीच्या आसपास, किनाऱ्यावरचे डीजेवाले वर्षअखेरीला. पण एप्रिल-मे हा आमचा स्वतःचा सीझन. मुलांना सुट्टी, मुंबई-पुण्याकडची माणसं गावी आलेली, देवळांत जत्रा आणि वसंतपूजा, वायंगणाची (उन्हाळी भाताची) कापणी झालेली शेतं रिकामी, आणि त्या शेतातच स्टेज ठोकून ऑर्केस्ट्रा, तियात्र (कोकणी नाटक), संगीत नाटक, नाट्यगीतांची मैफल जे काय असेल ते. पणजीत कला अकादमीचा खुला रंगमंच आहे, कांपालची मैदानं आहेत, आझाद मैदान आहे. तर हे सगळं घाम पुसत वैतागून न ऐकता मजेत कसं ऐकायचं ते सविस्तर लिहितेय, कारण दरवर्षी कोणीतरी मला हेच विचारतं आणि मी दरवर्षी तेच व्हॉट्सॅपवर तुकड्या-तुकड्यात टाइप करत बसते.

आधी दहाचा काटा समजून घ्या

सगळा प्लॅन एका गोष्टीवर उभा आहे, रात्री दहा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस आधी जाहीर झालेले असतात, तुमचा कार्यक्रम त्यात बसतोय असं गृहीत धरू नका. मग होतं काय, आयोजक दहाच्या आत उरकायचं म्हणून साडेसहा छापतात, प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, पुष्पगुच्छ, दोन भाषणं (त्यातलं एक 'मी फार वेळ घेणार नाही' असं सुरू होणारं) हे होऊन पहिला सूर लागतो सव्वासातला. मुख्य कलाकार येतो सव्वाआठला आणि पावणेदहाला निवेदक घड्याळ बघायला लागतो.

म्हणजे तुम्ही 'रात्री निवांत जाऊ' म्हणालात तर अर्धा कार्यक्रम गेला. म्हणून उलटं मोजायचं. दहाला संपणार, आठनंतर खरी मजा, सातला सूर्य मावळतो (मे महिन्यात आमच्याकडे सूर्यास्त सातला पाच-दहा मिनिटं कमी असताना), साडेपाचला जागा पकडायची, त्यासाठी म्हापशाहून किंवा फोंड्याहून बसने येणार असाल तर चारला घर सोडायचं. आणि चारला घर सोडणं म्हणजे भर उन्हात, तिथूनच खरी परीक्षा सुरू होते.

रागदारीवाल्यांसाठी जाता जाता एक सांगते. या दहाच्या काट्यामुळे उघड्यावर मालकंस, दरबारी हे रात्र चढल्यावरचे राग निवांत मांडलेले ऐकायला मिळणं कठीणच झालंय, ते आता हॉलमध्ये. उघड्यावर मिळतो मारवा, पूरिया धनाश्री, फार तर यमन, आणि खरं सांगू, नदीवर उजेड मावळत असताना मारवा ऐकलात तर तक्रार करायचं सुचत नाही. पण त्यासाठी सूर्यास्ताला तुम्ही खुर्चीत हवे, पार्किंगमध्ये नव्हे.

कार्यक्रम शोधायचा कुठे

तिकिटाच्या ॲपवर फक्त मोठे शो दिसतात. गावातले कार्यक्रम मराठी पेपरच्या आतल्या पानावर, देवळाबाहेरच्या बोर्डावर, तिठ्यावरच्या बॅनरवर आणि व्हॉट्सॅपच्या फॉरवर्डमध्ये असतात. फॉरवर्ड आला की साल बघा! मी एकदा सगळ्या घराला घेऊन मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाला गेले होते. मैदानात दोन गाई. यजमान अजून सांगतात तो किस्सा.

तिकिटाचा शो असेल तर घेण्याआधी तीन गोष्टी वाचा: पाऊस आला तर पैसे परत का तारीख पुढे, पाण्याची बाटली आत नेऊ देतात का, एकदा बाहेर पडलं की परत आत सोडतात का. आणि 'गोल्ड', 'व्हीआयपी' या शब्दांना भुलू नका. एका शोला आम्ही महागातलं तिकीट काढलं, आत जाऊन बघतो तर आमच्या रांगेसमोर बरोबर कॅमेऱ्याचा मचाण. दोन तास मी कॅमेरामनची पाठ बघितली. सीटिंगचा नकाशा मागा, नसेल तर साध्या तिकिटात लवकर जाऊन जागा पकडणं परवडतं.

उकाडा: पारा बघू नका, दमटपणा बघा

विदर्भातली माणसं आमचा उन्हाळा ऐकून हसतात, तेहतीस-चौतीस डिग्री म्हणजे काय उन्हाळा. पण इथे हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, घाम नुसता गळतो. त्यामुळे नागपूरचा माणूससुद्धा इथे पाच वाजता मैदानात बसून गळपटतो, मी बघितलाय.

पाणी कार्यक्रमाच्या जागी प्यायला सुरुवात करायची नाही, सकाळपासून प्यायचं. दुपारचं जेवण हलकं, दही-भात किंवा पेज, मासळीची तिखट कढी चापून जाऊ नका. निघताना कोकम सरबत मीठ-जिरं घालून, वाटेत मिळालं तर शहाळं, आमच्याकडे आडसर म्हणतात ते. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठं पाकीट एक लिटरला, अर्ध्या ग्लासात घट्ट कालवून नाही. कपडे सुती, सैल, फिकट. सिल्कची साडी, जीन्स थंडीतल्या महोत्सवांसाठी ठेवा. एक ओला करता येईल असा पंचा, आणि हातपंखा. लोक हसतात, नंतर मागतात.

आता उर्राक, काजूबोंडांची दारू. बाहेरचे पाहुणे नेमके याच दिवसांत येतात आणि काजूची उर्राक याच दिवसांत मिळते, फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत, त्यामुळे दुपारी लिंबू-मीठ-मिरची घालून दोन-तीन ग्लास आणि मग उन्हात मैदानात, हे ठरलेलं. फेणीपेक्षा हलकी लागते म्हणून लोक फसतात. माझा एक चुलतभाऊ असाच निवेदन संपायच्या आत खुर्चीवरून घसरला, सगळ्यांना वाटलं गाण्यात तल्लीन झाला. दारू अंगातलं पाणी काढते, उकाडा उरलेलं काढतो. पिणारच असाल तर कार्यक्रमानंतर घरी. गोव्यात वयाची अट २१ आहे, किनाऱ्यावर उघड्यावर बसून प्यायला दंड आहे, आणि गाडी चालवायची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच नाही.

कोणाला चक्कर, मळमळ, डोकं जड, पायात गोळे असं झालं तर सावलीत आडवं करा, कपडे सैल, पाणी घोट-घोट. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं लागलं, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत पंख्याने वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

जागा कुठली पकडायची

हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबेल.

आधी सूर्य. घरूनच मॅप उघडा आणि बघा स्टेज कुठल्या दिशेला आहे. तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून बसणार असाल तर साडेपाच ते पावणेसात सूर्य थेट डोळ्यांत, स्टेजवर कोण आहे ते कळत नाही, नुसत्या काळ्या आकृत्या. मग पश्चिमेला एखादी इमारत, माड, आंब्याचं झाड असेल तर त्याची सावली कुठवर येते ते बघून बसा. दगडी किंवा सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायचं असेल तर जाड चटई किंवा उशी न्या, त्या दिवसभर तापलेल्या असतात आणि सूर्य गेल्यावरही तासभर खालून शेकतात.

मग आवाज. सगळे पुढे धावतात, पुढे आवाज सगळ्यात चांगला असतो हा गैरसमज. पुढच्या कोपऱ्यात स्पीकरच्या थप्पीसमोर बसलात तर एकाच बाजूचा आवाज आणि तोही छातीत मारणारा. साऊंडवाला जिथे कन्सोल घेऊन बसलाय ना, त्याच्या थोडं पुढे, मधल्या रेषेत, ती जागा बेस्ट, कारण तो तिथे बसून ऐकूनच आवाज जुळवतो. त्याच्या पाठीमागे नको, त्याचा मांडव आड येतो. फार मागे गेलात तर आवाज उशिरा पोचतो, आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटरवर बसलात तर तबलजीचा हात आधी पडलेला दिसतो आणि 'धा' सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा येतो. ऑर्केस्ट्राला चालून जातं, तबल्याच्या जुगलबंदीला फार विचित्र वाटतं.

तिसरी गोष्ट वारा. आमच्याकडे दुपारनंतर समुद्रावरून, पश्चिम-वायव्येकडून वारा येतो, संध्याकाळी तो मंदावत जातो. वाऱ्याबरोबर आवाज खाली वाकतो आणि नीट पोचतो, वाऱ्याविरुद्ध तो वर उचलला जातो, म्हणून एका बाजूला गायिकेचे शब्द स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला आवाज पोहल्यासारखा येतो-जातो. सुरुवातीला असं वाटलं तर जागेवर बसून साऊंडवाल्याला शिव्या घालू नका, उठून स्टेजच्या पूर्वेकडच्या अंगाला सरकून बघा. सूर्य मावळल्यावर तसाही फरक पडतो. दिवसा जमिनीलगतची हवा जास्त तापलेली असल्याने आवाज वर पळतो, रात्री जमीन निवली की उलटं होतं आणि तो खालून लांबवर जातो. आठ वाजता अचानक सगळं छान ऐकू यायला लागतं ते यामुळेही. आणि शेजारच्या वाड्यावरच्या आजोबांची तक्रार रात्रीच येते तीही यामुळेच. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे, त्यामुळे आजोबा चुकीचे नसतात.

शास्त्रीय मैफल असेल तर एक सवलत द्या. दमट हवेत तबल्याची पुडी सैलावते, तानपुऱ्याचाही सूर हलतो, मग हातोडी घेऊन ठोकाठोक दहा मिनिटं. मागून 'सुरू करा' ओरडणारे असतात, त्यांच्यातले होऊ नका.

कानांचंही सांगते कारण हे कोणी सांगत नाही. कामगारांसाठी जो हिशोब वापरतात त्यात ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेचा शो त्या आसपास सहज जातो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, पिळून बारीक करून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. गाणं ऐकू येतंच, फक्त दुसऱ्या दिवशीचा टुईं आवाज येत नाही. लहान मुलांना हेडफोनसारखे मफ घ्या आणि स्पीकरपासून लांब बसा, बाळाला तर डीजेला नेऊच नका, कितीही हौस असली तरी.

पिशवीत काय

वर सांगितलेलं धरून: बाटली, ओआरएस, पंचा, पंखा, चटई, कानाचे बोळे. शिवाय डासांचं क्रीम, मैदानात दिवे लागले की पायांवर हल्ला होतो. शेतातला कार्यक्रम असेल तर बंद बूट आणि टॉर्च, कापलेल्या भाताचे खुंट चपलेतून टोचतात आणि वाळलेल्या चिखलाच्या भेगांत पाय मुरगळतो. सुट्टे पैसे, कारण दोन-चार हजार माणसं जमली की नेटवर्क मरतं आणि भज्यांच्या गाड्यावर 'पेमेंट प्रोसेसिंग' बघत उभं राहावं लागतं. तिकिटाचा क्यूआर आधीच स्क्रीनशॉट मारून ठेवा. सेल्फी स्टिक घरी.

खायचं बाहेरच, हा माझा स्पष्ट पक्षपात आहे. आतल्या स्टॉलवर थंड सँडविच दुप्पट दराने, आणि बाहेर गाड्यावर रस ऑम्लेट, कटलेट पाव, मिरची भजी. पण सुरू व्हायच्या आधी खा, मध्येच उठलात तर जागा गेली.

मेमधलं आभाळ

मान्सून साधारण ५ जूनला पोचतो, पण मे अर्धा झाला की वळवाच्या सरी सुरू. त्या बऱ्याचदा समुद्राकडून नाही, घाटाकडून येतात, दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडत खाली उतरतात, म्हणजे नेमके कार्यक्रमाच्या वेळी. म्हणून चार वाजता निघताना पश्चिमेकडे बघून 'स्वच्छ आहे' म्हणू नका, पूर्वेकडे बघा. फोनवर पुण्याच्या हवामानवाल्या संस्थेचं 'दामिनी' ॲप टाका, ते विजेचा इशारा देतं. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नाही, लोखंडी मांडवाखाली तर मुळीच नाही. छत्रीने मागच्याला दिसत नाही, रेनकोट आणा.

गर्दी आणि परतीचा घोळ

आत शिरलात की बाहेर पडायचे रस्ते बघून ठेवा, किमान दोन. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत उतारावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून मी उताराच्या आणि अरुंद वाटेच्या बाबतीत फार घाबरट झालेय आणि त्याची लाज वाटत नाही. गर्दी दाटायला लागली, धक्के आपल्या हातात राहिले नाहीत असं वाटलं तर शेवटच्या गाण्याचा मोह सोडा. अडकलातच तर दोन्ही हात छातीसमोर, श्वासाला जागा ठेवा, लोंढ्याविरुद्ध न जाता तिरके-तिरके कडेला सरका. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, 'स्टेजजवळ' ही जागा नव्हे.

परत येणं हा गोव्यातला खरा प्रॉब्लेम. मुंबईसारखी मध्यरात्रीपर्यंतची लोकल इथे नाही. बसगाड्या आठनंतर विरळ होतात, दहाला तर देवाच्या भरवशावर. ओला-उबर चालत नाही, गोवामाइल्सचं ॲप आहे पण कार्यक्रम सुटल्यावर सगळे एकदम बुक करतात. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी जवळच्या अंतराला बरी, पण जातानाच त्याच्याशी परतीचं बोलून नंबर घ्या. सगळ्यात उत्तम, चार-पाच जणांनी एक गाडी आणि त्यातला एक न पिणारा. पणजीत कांपालला गाडी लावायचा हट्ट नको, संध्याकाळी त्या रस्त्यावर कॅसिनोची गर्दी असते, आधीच कुठेतरी लांब लावून चालत या, सुटल्यावर सगळ्यांच्या आधी निघाल. स्कूटरवाल्यांनी लक्षात ठेवा, म्हापशाकडे जाताना मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, जुन्या मांडवी पुलावरूनच. अंधारात चुकून वर चढलेले नवखे दरवेळी दिसतात.

आणि हे सगळं जमत नसेल तर पहाट

आई-वडिलांना न्यायचं असेल तर मी संध्याकाळपेक्षा पहाटेची मैफल निवडते. सहाला लाऊडस्पीकरची बंदी उठते, मेमध्ये सूर्यही सहाच्या सुमारालाच उगवतो, हवा दिवसातली सगळ्यात गार, वारा जवळपास पडलेला त्यामुळे आवाज एकदम स्वच्छ. ललत तेवढा नियमात अडकतो बिचारा, कारण तो उजाडायच्या आधीचा, पण भैरव, अहिर भैरव, मग तोडी असं चढत्या उन्हाबरोबर ऐकता येतं. शेवटी भैरवी. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे आई प्रत्येक पाहुण्याला सांगते, भैरवी सुरू असतानाच, आणि पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात.

मेमध्ये गाणाऱ्यांच्या गोव्यात अजून एक करता येतं, सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरणात बुडालेलं गाव, पाणी उतरलं की एप्रिल-मेमध्ये वर येतं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. जुने गावकरी त्या दिवसांत देवळाच्या आणि कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) जागी जमतात. तिथे सावली नाही, पाणी नाही, त्यामुळे वरचा उकाड्याचा सगळा भाग पुन्हा वाचून सकाळी लवकर जा.

पहाटेची मैफल साडेआठला सुटते. जवळच्या हॉटेलात पातळभाजी-पाव, एक मिरची भजी, चहा, आणि दहाच्या आत घरी. पंखा पाचवर.